चाकातली घरघर

गाडीनं साठचा वेग ओलांडला की एका कोपऱ्यातून जात्यासारखी घरघर येते आणि बहुतेक जण टायरला दोष देतात. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर डांबर असो की काँक्रीट, तशीच राहते. पालटते ती वळणावर. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा उजवीकडचं बेअरिंग गेलंय. जॅक लावून चाक हलवलं की प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो, पण प्ले नसतानाही बेअरिंग खराब असू शकतं. म्हणून जाणता मेकॅनिक एका हातानं चाक फिरवतो आणि दुसरा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो. आतली खरखर बोटांना लगेच कळते.

ट्रकच्या आणि जुन्या जीपच्या हबमधलं टेपर बेअरिंग घोडागाडीच्या काळातलं. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचे तिरके रोलर गाडीचं वजनही पेलतात आणि वळणावरचा आडवा रेटाही. मला ही रचना आजही थक्क करते.

तिचा मोठा वैरी पाणी. ऑइल सीलची कड झिजली की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस पांढरट पडतं, रोलर गंजतात, पोलादाच्या खपल्या निघतात. तसंच दामटत राहिलं तर बेअरिंग तापून निळं पडतं, रोलर धरून ठेवणारी जाळी तुटते आणि चाक निखळण्यापर्यंत वेळ येते.

टेपर बेअरिंगचे कप (बाहेरचं कडं) आणि कोन (रोलरसकट आतलं कडं) जोडीनंच बदलावेत. तळहातावर ग्रीस घेऊन ते जाळीतून पलीकडे येईपर्यंत दाबून भरायचं. चाक फिरवत नट आवळायचा, सैल करायचा, मग ठरलेल्या मापाला लावून नवी स्प्लिट पिन घालायची.

आजच्या मोटारींत बहुधा सीलबंद बेअरिंग असतं. ते अख्खंच बदलावं लागतं. आणि इथं हातोडा घात करतो. नकलमध्ये, म्हणजे हब धरणाऱ्या भागात, बेअरिंग बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच हवा. पुढे हब दाबताना आधार आतल्या कड्याला हवा. हे चुकलं की सगळा दाब गोळ्यांमधून जातो, कड्यांवर त्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग लवकरच घरघरू लागतं. दोष मात्र मालाच्या माथी मारला जातो. हा अन्याय आहे.

म्हणून गाडी सोपवण्याआधी गॅरेजात बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस आहे का, ते विचारा. नसेल तर नकल काढून प्रेसवाल्याकडे न्यायला सांगा आणि त्याचे जास्तीचे पैसे बिनतक्रार द्या.