नकली मालाची इंग्रजी नावे

इंग्रजीत नकली वस्तूंना शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे थेट बाजारातून आले आहेत. सतराव्या शतकात बर्मिंगहॅम शहर खोट्या नाण्यांसाठी बदनाम झाले, तेव्हापासून शहराच्या बोलीतील ‘ब्रमॅजेम’ या नावाला दिखाऊ, हलका माल हा अर्थ चिकटला.

लंडनचा घड्याळजी ख्रिस्टोफर पिंचबेक (मृत्यू १७३२) याच्यावर तर अन्यायच झाला. तांबे आणि जस्त मिसळून त्याने सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू बनवला. घड्याळांची घरे, दागिने त्यात घडू लागले. पुढे मात्र या कुशल कारागिराचे आडनावच ‘बनावट’ या अर्थाने वापरात आले.

‘शॉडी’ हे मुळात चिंध्या पिंजून काढलेल्या लोकरीचे नाव. यॉर्कशरमध्ये तिचा मोठा धंदा होता. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) अशा कापडाचे गणवेश सैनिकांच्या अंगावरच विरले आणि शब्दाची उरलीसुरली अब्रू गेली.

‘फोनी’ बहुधा अंगठीच्या आयरिश शब्दावरून आला. मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात ‘सापडली’ असे भासवून ती सोन्याची म्हणून गळ्यात मारणे, ही भामट्यांची जुनी युक्ती. मराठीतही रुळलेला ‘बोगस’ अमेरिकेतला. १८२७ च्या सुमारास ओहायोत खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला तसे म्हणत. ‘एर्झाट्झ’ जर्मन, मूळ अर्थ नुसता ‘पर्यायी’. महायुद्धांच्या टंचाईत ओकच्या फळांची कॉफी प्यावी लागली, तेव्हा तो निकृष्टतेकडे झुकला.