झाडाखालच्या सावलीत भुईचाफा लावा!

आपल्याकडच्या अंगणात कडुनिंब किंवा आंबा असतो, पण त्याच्या सावलीत खाली काय लावावं हे सुचत नाही. मंडळी, तिथे भुईचाफा लावाच! नावात चाफा असला तरी हा हळद-आल्याच्या कुळातला.

याची खरी मजा उन्हाळ्यात. पानाचा पत्ता नसताना जमिनीतून थेट फूल वर येतं: वरचा भाग पांढरा, खालचा जांभळट, आणि वास अतिशय गोड. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका गड्ड्यातून एकामागून एक येत राहतात. पावसाळ्यात रुंद, नक्षीदार पानं जमीन झाकून टाकतात. पानांची खालची बाजू जांभळी असते, तीही पाहण्यासारखी.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात गड्डे सडतात, म्हणून नुसत्या काळ्या मातीत लावू नका. वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा, वाफा थोडा उंच करा. गड्डा दोन इंच खोल, दोन गड्ड्यांत वीतभर अंतर. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हात पानं करपतात.

हिवाळ्यात पानं पिवळी पडून वाळतात. झाड मेलं समजून उकरू नका! पाणी बंद करा, जागेवर खूण ठेवा. गड्डे वेगळे करून शेजाऱ्यांना द्यायचे असतील तर फुलं येण्याआधी, फेब्रुवारीत काढा.