शेतात पडलेल्या पावसाच्या पाण्यावर हक्क कोणाचा?

मृग निघाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात पेरणीबरोबर बांधावरच्या तंट्यांसही प्रारंभ होतो. आमची उमेदीची वर्षे महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. पाऊस सुरू होऊन पंधरवडा लोटत नाही तोच कचेरीत अर्ज येऊ लागत. "वरच्याने ताल घातली, आमच्या विहिरीस येणारे पाणी तुटले," असा एकाचा; "खालच्याने बांध उंच केला, आमच्या उभ्या पिकात पाणी तुंबले," असा दुसऱ्याचा. शेततळी वाढल्यापासून या तक्रारींस नवे निमित्त मिळाले आहे. कित्येकांची समजूत अशी की, आपल्या जमिनीत आले ते सर्व पाणी आपलेच. कित्येकांची अशी की, पाणी सरकारचे, सबब ते अडविणे हाच गुन्हा. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्यांच्या भरीस पडून भाऊबंद वर्षानुवर्षे तारखा करितात, म्हणून कायद्याचे म्हणणे येथे थोडक्यात मांडीत आहो.

या विषयाचे मूळ १८८२ सालच्या सुखाधिकाराच्या कायद्यात आहे. लोक त्यास वहिवाटीचा कायदा म्हणतात. त्याचा सारा कटाक्ष एकाच प्रश्नावर आहे: पाणी ठराविक पात्रातून वाहते, की रानभर पसरून वाहते? याचे उत्तर मिळाले म्हणजे निम्मा तंटा मिटला असे समजावे.

पसरून वाहणारे पाणी ज्याच्या हद्दीत आहे त्याने ते अडवावे, साठवावे, वापरावे, अशी कायद्याच्या ७ व्या कलमात स्पष्ट मुभा आहे. ताल, चर, शेततळे ही सर्व त्यात आली. खालचा शेतकरी म्हणेल, "वीस वर्षे हे पाणी माझ्या रानात येत आहे, माझी वहिवाट झाली." वीस वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने काही हक्क जडतात हे खरे, परंतु जे पाणी ओढ्यातून वाहत नाही आणि तळ्यात वा टाक्यात कायम साठलेलेही नाही, त्यावर असा हक्क मिळत नाही, असे १७ वे कलम सांगते. आपला कायदा या बाबतीत उदार आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात घराच्या छपरावरचे पाणी पिंपात धरण्यासही पूर्वी बंदी होती. २०१६ साली दोन पिंपांची, म्हणजे एकूण ११० गॅलनांची, सवलत मिळाली.

आता थोडा हिशेब पाहावा. वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर सुमारे २८ लक्ष लिटर पाणी पडते. तीस मीटर लांब, तितकेच रुंद व तीन मीटर खोल असे शेततळे, बाजूंस एकास एक उतार धरल्यास, सुमारे २२ लक्ष लिटरांचे होते. पडलेल्यापैकी बरेचसे पाणी मुरते व उडून जाते. वाहून येते ते थोडे. अर्थात एवढे तळे भरण्यास एका एकराचे वाहते पाणी पुरत नाही. मग मालकाची दृष्टी शेजारच्या ओढ्याकडे वळते, आणि तेथेच कायदा बदलतो.

ओढ्याच्या काठी ज्याची जमीन आहे त्यास पिण्यास, जनावरांस व त्या जमिनीस पाणी घेता येते. मात्र खालच्या काठकऱ्यांचे भरीव नुकसान होता कामा नये. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या २० व्या कलमान्वये, कोणा व्यक्तीची मालकी वा हक्क शाबीत नसेल तेथे नद्या, ओढे व नाले यांची पात्रे आणि वाहते पाणी सरकारचे आहे. म्हणून परवानगीवाचून ओढ्यास आडवा बांध घालणे हे आपल्या शेतात ताल घालण्यासारखे नव्हे. राजस्थानात अलवर जिल्ह्यातील लावा का बास येथे गावकऱ्यांनी तरुण भारत संघाच्या साह्याने बांध घातला, तो २००१ साली तेथील पाटबंधारे खात्याने बेकायदा ठरविला. हेतू उत्तम असूनही वाद टळला नाही.

वरून नैसर्गिक रीतीने येणारे पाणी खालच्याने येऊ दिले पाहिजे. बांध उंचावून ते वर तुंबविता येत नाही. मात्र वरच्यानेही चर खणून सारे पाणी एका तोंडाने शेजाऱ्याच्या पिकावर सोडू नये. तो नैसर्गिक प्रवाह नव्हे. पाण्याच्या अशा वाटेत अडथळा झाल्यास १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदार तो दूर करवू शकतो. परंतु कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. एक गृहस्थ पंचांच्या तडजोडीची वाट पाहत पुढील मृगापर्यंत थांबले आणि मग आमच्या मेजापाशी आले. त्यांची बाजू खरी दिसत होती, पण मुदत गेली होती. त्यांस दिवाणी न्यायालयाची लांब वाट धरावी लागली व त्याही साली सोयाबीन कुजले. तडजोड अवश्य करावी, पण मुदतीवर नजर ठेवून.

साठविलेले पाणी आपले, तशी त्याची जबाबदारीही आपली. १८७४ साली कार्वेतीनगरच्या जमीनदाराची तळी फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाल्याचा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे निघाला. या देशात तळी राखणे लोकांच्या निर्वाहास अवश्य आहे, सबब हयगय शाबीत झाल्यावाचून मालक जबाबदार नाही, असे ठरले. याचा अर्थ हयगय झाली तर भरपाई अंगावर येऊ शकते. तळ्यास पक्का सांडवा ठेवावा व त्याचे तोंड शेजाऱ्याच्या बांधाकडे करू नये.

बोअरचे पाणी उपसून तळे भरणे हा निराळा विषय आहे. ते पावसाचे पाणी धरणे नव्हे. त्यास २००९ सालचा महाराष्ट्र भूजल कायदा पाहावा लागतो.

शेवटी कामाची सूचना. तळे खणण्यापूर्वी गावनकाशा काढून ओढा कोठे दाखविला आहे ते पाहावे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने दप्तर पुष्कळदा उर्दूत असते. ते जाणकाराकडून वाचवून घ्यावे. पावसापूर्वीच पाण्याची वाट तलाठी व पंच यांच्या समक्ष पाहून पंचनामा करावा. शेजाऱ्याशी ठरेल ते कागदावर आणून नोंदवावे. पहिल्या पावसानंतर पाण्याच्या खुणा पुसल्या जातात. मग साक्षीदारही ज्याच्या त्याच्या बाजूचे निघतात.