चाकोरीबाहेरचे चाक

टायरला मराठीत एक जुना शब्द आहे : धाव. लाकडी चाकाच्या घेरावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती भट्टीत लाल करी, तापून फुगलेली असतानाच चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. लोखंड आक्रसले की आरे आणि घेराचे लाकडी तुकडे एकमेकांत घट्ट आवळले जात. अशा चाकांनी वर्षानुवर्षे एकाच गाडीवाटेवर पाडलेली खाच म्हणजे चाकोरी. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा आज लेखक-कलावंतांच्या कौतुकाचा शब्द झाला असला, तरी मुळात तो गाडीवानाच्या संकटाचा शब्द असणार. कारण चाकोरीबाहेर जमीन कशी असेल याची शाश्वती नसते आणि चाक त्या जमिनीसाठी बनवलेले नसते.

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर चारचाकी घेऊन जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. मला या विषयाची गोडी असल्याचे ठाऊक झाल्यापासून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात : ‘माझ्या गाडीला जास्तीत जास्त केवढा टायर बसेल?’ या प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले असते. मोठा तो चांगला, आणि रुंद तो त्याहून चांगला. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. इथे हौसेपलीकडचे काही पणाला लागलेले असते. टायरचे माप चुकले तर घाटात ब्रेक लागायला उशीर होतो, आणि खालच्या जमिनीवरही त्याची खूण उरते.

अंकांची लिपी

टायरच्या अंगावर २४५/७५ आर १६ असे काही छापलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्केवारी आहे : टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि शेवटचे १६ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे सुखाने नांदतात.

गणित सोपे आहे. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८३.७५ मि.मी. ही एका बाजूची भिंत. दोन्ही बाजू मिळून ३६७.५ मि.मी. त्यात रिमचे १६ इंच, म्हणजे ४०६.४ मि.मी. मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ७७४ मि.मी. येतो. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांना हे माप होते, तर महागड्या आवृत्त्यांना २५५/६५ आर १८. या दुसऱ्या मापाचा व्यास ७८९ मि.मी. भरतो, म्हणजे चाक १५ मि.मी.ने मोठे. पण त्याची भिंत १६६ मि.मी., म्हणजे १८ मि.मी.ने बुटकी. रस्त्यावर १८ इंची रिम रुबाबदार दिसते. दगडगोट्यांच्या वाटेवर मात्र रबराची उंच भिंत दगडाला कवेत घेऊन वाकते, आणि बुटकी भिंत तोच धक्का रिमवर आणि बसणाऱ्याच्या मणक्यावर सोपवते. म्हणून ‘मोठे चाक’ म्हणताना रिम मोठी की रबर मोठे, हे आधी विचारावे.

मापानंतर आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ११२ एस. ११२ म्हणजे एका टायरने पेलायचे जास्तीत जास्त वजन ११२० किलो, आणि ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. नक्षीच्या मोहात हा आकडा बघायचा राहून जातो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा कधीही असू नये.

हवा हेच खरे चाक

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. तेव्हा मोटारी नव्हत्या, सायकलीही आजच्यासारख्या नव्हत्या. शोध मागे पडला. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा लावला, आणि जग त्यांच्याच नावाने तो ओळखू लागले. आपल्याकडे तर हे नाव बैलगाडीपर्यंत पोचले. रबरी चाकांच्या गाडीला ‘डनलॉप गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोड कामगार साखर कारखान्याकडे ऊस नेतात तो अशाच गाड्यांतून.

लाकडी चाकाची आणि टायरगाडीची तुलना फार बोलकी आहे. जुने चाक उंच आणि अरुंद असे, कारण उंच चाक दगडावर किंवा बांधावर कमी जोरात चढते. पण धावेचा जमिनीशी संपर्क जेमतेम दोन-तीन बोटे रुंद. सगळे वजन तेवढ्यावर. म्हणून चाकोरी पडते. टायरगाडीचे चाक बुटके, पण हवेमुळे ते जमिनीवर पसरते आणि तेच बैल अधिक ओझे ओढू शकतात.

इथला हिशेब प्रत्येक गाडीमालकाने एकदा तरी करून पाहावा. माणसांसह १८०० किलोची गाडी धरली, तर एका चाकावर साधारण ४५० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो होतो. भागाकार केला की जमिनीला टेकलेला भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येतो. पंजापेक्षा थोडी मोठी, अशी ती जागा. आता हवा निम्मी करा, १६ पीएसआय. टेकलेला भाग जवळपास दुप्पट होतो. टायरची भिंतही थोडे वजन पेलते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे इतके काटेकोर नसतात, पण दिशा हीच. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हा वाढलेला भाग मुख्यतः लांबीत वाढतो. चाक जणू रणगाड्याच्या पट्ट्यासारखे लांबट टेकू लागते.

म्हणजे नवा टायर न घेता, खिशातला एक पैसा न घालवता, फक्त हवा सोडून टेकणारी जागा दुप्पट होते. दोन मापे मोठा टायर घेऊनही हे साधत नाही. मापाचा विचार हवेच्या विचारानंतर यायला हवा, तो यामुळे.

वाळवंटातून चंद्रावर

ब्रिटिश सैन्यातले अभियंते राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. हवा कमी करून वाळूवर तरंगत जायचे, आणि रुतलेच तर चाकांखाली पोलादी पट्ट्या टाकायच्या, ही त्यांची रीत होती. १९४० मध्ये त्यांनी उभारलेल्या वाळवंटी टेहळणी पथकाने ती युद्धात वापरली. याच माणसाने १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ लिहिला, आणि वाळूच्या टेकड्यांच्या अभ्यासात तो आजही मूलभूत मानला जातो. आधी जमीन समजून घ्यायची, चाकाचे मग पाहायचे, हा क्रम त्यांच्या कामात दिसतो.

या क्रमाला शास्त्राचे रूप दिले पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मिएचिस्वाव बेकर यांनी. माती किती दबते, चाक किती रुतते, रुतलेल्या चाकाला पुढची माती ढकलताना किती विरोध होतो, हे त्यांनी समीकरणांत बसवले. त्यांचा एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे : मऊ जमिनीत चाकाची रुंदी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे अधिक लाभाचे. रुंद चाक कमी रुतते खरे, पण समोर मातीची रुंद भिंत उभी करते आणि ती ढकलत बसते. उंच चाक तेवढाच भार लांबीत पसरवते.

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या घडणीत बेकर यांचा वाटा होता. तिथे हवा भरलेले रबर चालणार नव्हते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची विणलेली, दबून पसरणारी चाके बनवली गेली. त्यांचा व्यास होता सुमारे ८२ सेंटिमीटर, रुंदी २३ सेंटिमीटर. थारच्या चाकापेक्षा किंचित उंच आणि किंचित अरुंद! चंद्राच्या भुसभुशीत धुळीसाठीही अजस्र रुंदीचे चाक निवडले गेले नाही.

याला दुसरी बाजू आहे. आइसलंडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंच व्यासाचे रुंद टायर लावतात आणि हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवतात. तिथे खोल बर्फाखाली चाकाच्या आवाक्यात टणक थर नसतोच, तरंगणे एवढाच उपाय असतो. आपल्याकडची पावसाळी वाट वेगळी. वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम किंवा खडक. अशा ठिकाणी अरुंद टायर चिखल कापून टणक थराला भिडतो, आणि रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर धारदार दगड असतात, तिथे भिंतीची मजबुती पाहावी. देशावरच्या काळ्या मातीत ती माती नक्षीत गच्च भरून चाकाचा नुसता गोटा होतो, तिथे रुंदीपेक्षा नक्षीतल्या मोकळ्या जागेला महत्त्व.

मोठ्या चाकाची किंमत

थारच्या २४५/७५ आर १६ ऐवजी त्याच रिमवर २६५/७५ आर १६ बसवले, असे समजू. व्यास ७७४ वरून ८०४ मि.मी. झाला. पण गाडीचे पोट जमिनीपासून किती उचलले गेले? आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून वाढीच्या निम्मे, फक्त १५ मि.मी. मराठी मापात सांगायचे तर बोटभरही नाही.

या बोटभराच्या बदल्यात काय जाते? चाकाचा घेर सुमारे ३.९ टक्क्यांनी वाढतो. पूर्वी एका किलोमीटरला चाक ४११ फेरे घेई, आता ३९६ घेते. वेगदर्शक काटा फेऱ्यांवरून वेग सांगतो, त्यामुळे काटा आधीच्या इतकाच वेग दाखवत असला तरी गाडी प्रत्यक्षात अधिक वेगात असते. पूर्वी खरोखर ८० चा वेग असताना काटा जिथे असे, तिथे आता गाडी ८३ ने धावत असते. ब्रेकची तबकडी तीच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे तेवढेच थांबण्यासाठी जास्त जोर लागतो, शिवाय जाड टायरचे जादा वजनही फिरते असते. पहिला गियर तेवढाच उंच झाल्याने चढावर गाडी रांगत नेणे अवघड होते आणि क्लच जळू लागतो. डिझेल अधिक लागते. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक खड्ड्यात दाबले की टायर आतल्या भागाला घासतो. हे दुकानातल्या सपाट फरशीवर कळत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ तपशिलांत मनाजोगे बदल करण्यावर बंधन घातले आहे. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतच राहिले, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात नको ते प्रश्न उभे राहत नाहीत.

वजनाशी माप कसे बांधलेले असते, याचा पुरावा रस्त्यावरच दिसतो. मारुतीच्या जिम्नीला १९५/८० आर १५ हे माप येते. व्यास ६९३ मि.मी., रुंदी १९५ मि.मी. गाडी साधारण १२०० किलोची, म्हणून एवढे चाक तिला पुरते. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलिज जीपला तर ६.००-१६ चे, म्हणजे अवघ्या सहा इंच रुंदीचे टायर असत. तशाच अरुंद चाकांच्या जीपगाड्या पुढे धरणांच्या पाहणीला, निवडणुकीच्या पेट्या पोचवायला आणि वडापलाही महाराष्ट्रभर फिरल्या.

निवडीचा क्रम

विचारणाऱ्याला मी आता एक क्रम सांगतो. आधी गाडीचे भरलेले वजन आणि टायरचा भारांक. मग वर्षातले बहुतेक किलोमीटर कुठे जातात, याचा प्रामाणिक हिशेब. बहुतेकांचे डांबरावरच जातात. मग शक्यतो लहान रिम आणि उंच भिंत. रुंदी मूळचीच ठेवावी, आणि वाढवायचाच तर व्यास, तोही मान्य मापांपर्यंत. पाचही चाके एकाच मापाची हवीत, स्टेपनीसुद्धा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत घेर वेगळे असले तर आतल्या यंत्रणेवर अखंड ताण येतो. उरलेल्या पैशांत हवेचा दाब मोजायचे चांगले मापक आणि बॅटरीवर चालणारा पंप घ्यावा. कच्च्या वाटेवर दाब २० ते २५, वाळूत १५ ते १८ पीएसआय. साध्या रिमवर त्याखाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबर लागताच, वेग घेण्याआधी, हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटतो.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो, आणि पावसाळी फुलांचे बी त्यातच पडून असते. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. तिथे कोणतेही माप योग्य नाही. जुन्या गाडीवानाने चाकोरी सोडली नाही, यात त्याचा नाइलाज होता. आपल्या चाकात आता हवा आहे, चारही चाकांत ताकद आहे, कुठेही जाता येते. म्हणून कुठे जायचे नाही, हेही आपल्यालाच ठरवावे लागते.