घराला रस्ताच नसेल तर?



चौथीच्या मुलांना घर ते शाळा असा नकाशा काढायला दिला होता. एका मुलीने घर काढलं, शाळा काढली आणि मध्ये रस्त्याऐवजी नुसते ठिपके. विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या वस्तीला रस्ता नाही. बांधावरून येत होतो, तिथं त्यांनी काट्या टाकल्यात." ती इतकी गैरहजर का असते, ते तेव्हा कळलं. तिच्या वडिलांना मदत करताना जे समजलं ते इथे मांडतो, कारण शेतात वस्ती करून राहणारे पालक आपल्या बहुतेक शाळांत असतात.

चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी असल्या तर तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो. आधार म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. अर्जासोबत सातबारा, कच्चा नकाशा आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते लागतात. पण अर्ज केला की रस्ता मिळाला, असं नाही बरं का! शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, जागेची पाहणी होते.

पाहणीत मुख्य प्रश्न एकच असतो: खरी गरज आहे का? कायद्यातले शब्द शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी 'वाजवी' वाट असे आहेत. वाजवी म्हणजे सोयीची नव्हे. दुसरीकडून थोडी लांबची पण चालण्यासारखी वाट असेल तर अर्ज टिकणं अवघड. शिवाय हा हक्क सर्व्हे नंबरच्या बांधावरून असतो, कुणाच्या रानाच्या मधोमध नाही. साधारणपणे बांधाच्या दोन्ही अंगांनी थोडी थोडी जागा घेतात, म्हणजे नुकसान एकाच्याच डोक्यावर पडत नाही. मला हे फार पटलं. शेजारी दरवेळी आडमुठाच असतो असं नाही, त्याचीही दोन-चार सऱ्या जातातच की. निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

इथेच बरेच जण चुकतात. कलम १४३ हे नव्या वाटेसाठी. वहिवाटीची वाट होतीच आणि कुणी ती अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागतं. त्यात अडथळा काढायचा हुकूम मिळतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. नव्या वाटेचा अर्ज करून बसलं आणि ही मुदत निघून गेली, तर हातची सोपी वाट जाते.

भावाभावांच्या वाटणीत एकाचा तुकडा आत अडकला असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १३ आहे. गरजेपुरती वाट मिळते, मात्र ते काम दिवाणी कोर्टाचं. गावठाणातल्या घराचं भांडणही बहुधा तिकडेच जातं, कारण कलम १४३ शेताच्या वाटेसाठी आहे.

म्हणून मुलीच्या वडिलांना मी पहिला प्रश्न विचारला, "काट्या नेमक्या कधी टाकल्या?" ते म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या आठवड्यात." बोटांवर मोजलं. सहा महिने व्हायला अजून अवकाश आहे. जुन्या वाटेची साक्ष द्यायला दोन म्हातारे शेतकरी तयार झालेत, आणि ठिपक्यांचा तो नकाशा मी वहीतून फाडू दिलेला नाही.