पाणी बघून तंगूस

बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदी अडवली आहे. उन्हाळा लागला की जलाशयाचं पाणी मागे सरतं आणि बुडीत भागातले शेताचे बांध, दगडगोटे, बाभळीची खोडं एकेक करून उघडी पडतात. काठावर गळ घेऊन आलेला जाणता माणूस ही खोडं नीट बघून ठेवतो. पावसाळ्यानंतर ती पुन्हा पाण्याखाली जाणार असतात आणि गळाला लागलेला मासा पळणार असतो तो नेमका त्यांच्याच आडोशाला. मग हातातला तंगूस किती जाडीचा हवा, हे माशाइतकंच त्या खोडांवरही ठरतं.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी, पारदर्शक दोरा. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली नायलॉन तयार झालं आणि काही वर्षांतच त्याचा गळाचा दोरा निघाला. त्याआधी सूत, रेशीम किंवा सणाचा दोरा वापरत. तो रोज वाळवावा लागे, नाहीतर कुजे. नायलॉन कुजत नाही, स्वस्त मिळतं आणि ताणलं की लांबतं. हे लांबणं कामाचं असतं. मोठ्या माशाने एकदम हिसका दिला की त्यातला बराचसा जोर दोराच जिरवतो, गळ माशाच्या तोंडातून निसटत नाही.

रिळावर दोन आकडे असतात, एक जाडीचा आणि एक वजनाचा. नवखा माणूस वजनाचा आकडा वाचतो, जुना जाडी बघतो. जाडी ०.२० मिलिमीटरवरून ०.४० वर नेली, तर दोऱ्याचा छेद चौपट होतो आणि ताकदही जवळपास तितकीच वाढते. पण जाड दोरा पाण्यात उठून दिसतो, वाऱ्याने फुगतो आणि हलकं आमिष लांब जाऊ देत नाही. वजनाचा आकडा कोऱ्या, कोरड्या दोऱ्याचा असेल, तर तोही जपूनच धरावा लागतो. नायलॉन पाणी शोषतं आणि भिजल्यावर थोडं कमजोर होतं. त्यात गाठ आली की ताकद आणखी घटते.

म्हणून गाठ मारताना घाई चालत नाही. दोरा गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच दोऱ्याभोवती पाचेक वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून आणि मग वरच्या मोठ्या फटीतून घ्यायचं. आता ओढायची वेळ येते, तेव्हा गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची आणि सावकाश आवळायची. कोरडी गाठ एका झटक्यात ओढली, तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथला दोरा बारीक, पांढुरका होतो. पुढे मासा तोडतो ते तिथेच. वेढे एकमेकांवर चढले असतील, तर गाठ कापून नवी मारायची.

पाणी बदललं की निवडही बदलते. पावसाळ्यात मांजरा नदी बालाघाटाच्या डोंगरातली माती घेऊन बीड, लातूर ओलांडून बीदरमध्ये येते, तेव्हा पाणी इतकं गढूळ असतं की दोरा दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवसांत ०.४०चा तंगूसही चालतो. जानेवारीत जलाशय निवळला की तोच दोरा माशाला दिसू लागतो. फ्लुरोकार्बनचा दोरा इथे उपयोगी पडतो. त्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यातल्यासारखाच वळतो, म्हणून तो कमी दिसतो. शिवाय तो नायलॉनपेक्षा जड, झटकन बुडतो. महाग असल्यामुळे गळाच्या जवळचा हातभर तुकडाच त्याचा जोडला तरी भागतं.

मासाही बघावा लागतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. कटला दहा किलोच्या पुढेही वाढतो, पण आमिष हलकेच ओढून घेतो. मोकळ्या पाण्यात त्याला थकवायला लांबणारा तंगूस चांगला. मरळीची गोष्ट निराळी. ती पाणवनस्पतीत दडते आणि बेडकावर झडप घालते. गळ लागला की शेवाळात शिरून वेढे घेते. तिच्यासाठी पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा हवा. तो जवळजवळ ताणत नाही, तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा खूप बळकट असतो आणि पानदेठ कापत येतो.

तरीही विणलेला दोरा सगळीकडे चालत नाही. अफजलपूर तालुक्यात, गाणगापूरच्या बाजूला भीमेच्या काठावर काळ्या दगडाचे कंगोरे आहेत. तिथे बारीक तंतू घासून फुटतात. नायलॉनवर चरा पडला तरी काही काळ ते टिकतं. दुसरी अडचण हाताची. सीमाभागात आजही काठी-रीळ नसलेले अनेक जण डबा किंवा लाकडाच्या तुकड्यावर दोरा गुंडाळून हातानेच मासा धरतात. ताणात असलेला विणलेला दोरा बोट चिरतो. हाताने ओढायचा असेल तर जाडसर तंगूसच घ्यावा, मग मासा थोडा कमी लागला तरी चालेल.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच निवड उलटी होते. मिनेसोटात किंवा फिनलंडमध्ये गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ सरळ खाली सोडतात. लांब फेकायचं नसतं, थंडीत सुस्तावलेला मासा आमिष अगदी हलकेच ओठावर घेतो, म्हणून किलो-दोन किलो पेलणारा बारीक दोराही पुरतो. विणलेला दोरा पाणी धरतो, ते काठीच्या कड्यांत गोठतं. साधं नायलॉन ताठरतं आणि रिळाचे वळसे धरून बसतं. पाणी न शोषणारा फ्लुरोकार्बन तिथे फार वापरला जातो.

आपल्याकडे दोऱ्याचा वैरी ऊन आहे. बीदर-कलबुर्गीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. काठावर उघडा पडलेला तंगूस अतिनील किरणांनी ठिसूळ होत जातो. डोळ्याला ते लवकर दिसत नाही, बोटाला कळतं. टोकापासून चार-पाच हात दोरा अंगठ्याच्या नखावरून हळू ओढत न्यायचा. खरखर लागली, पांढुरका डाग दिसला की त्याच्या वरून कापायचं. रिळावरचा वरचा भाग जुना झाला, पण आतला कोरा आहे, असं अनेकदा असतं. मग सगळा दोरा दुसऱ्या रिळावर उलटा गुंडाळला की कोरा भाग वर येतो आणि नव्या रिळाचे पैसे वाचतात.

कापलेला तुकडा मात्र काठावर टाकायचा नाही. न कुजणं हा त्याचा गुण इथे दोष ठरतो. बगळ्याच्या पायाला, पाणकावळ्याच्या पंखाला, चरायला आलेल्या शेळीच्या खुराला तो गुंततो आणि सुटत नाही. जाळला तर विषारी धूर होतो. बारीक तुकडे करून पिशवीत घालून तो घरी न्यावा लागतो. कारंजाच्या काठावर पाणी आटतं तेव्हा बाभळीच्या खोडांना अडकलेला वर्षानुवर्षांचा तंगूस दिसतो. ज्यांचं पोट या जलाशयावर आहे, त्यांनी उन्हाळ्यात पाणी खाली असतानाच तो सोडवून काढला, तर पुढच्या हंगामात त्यांचेच गळ तिथे कमी अडकतील आणि पाणपक्षीही वाचतील.