छऱ्याची बंदूक घरी उघडताना

खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारं बाहेर निघतात, तेव्हा कितीतरी घरांत माळ्यावरची छऱ्याची बंदूकही खाली येते. ताणण्यासाठी नळी मोडताना, म्हणजे खाली वाकवताना, ती करकरते, चाप ओढला की आत स्प्रिंग झणझणते आणि छर्रा निशाणापर्यंत जेमतेम पोचतो. मग घरातलं कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतं. बसायला हरकत नाही, ही बंदूक उघडून पुन्हा जोडता येते. पण तिच्या पोटात काय आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

या बंदुकीत हवा साठवलेली नसते. नळी मोडली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग आवळली जाते आणि दट्ट्या चापाच्या खाचेत अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग त्याला पुढे फेकते. पुढची हवा क्षणात दाबली जाते, तापते आणि एका बारीक छिद्रातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. जर्मनीतल्या रास्टाटमध्ये सुरू झालेल्या डायना कंपनीच्या बंदुका असोत की जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरच्या, तत्त्व हेच. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तिथे आता दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफली असतात. त्या घरी उघडू नयेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की बंदूक ताणलेली नसली तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते. कारखान्यातच ती काही सेंटीमीटर दाबून बसवलेली असते. मागचा ठोकळा ज्या पिनांवर अडलेला असतो त्या निघाल्या, की तो ठोकळा आणि स्प्रिंग सुटून थेट तोंडावर येऊ शकतात. हाताने किंवा छातीशी धरून हा जोर आवरत नाही.

म्हणून सुरुवात रिकाम्या बंदुकीने करायची. नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही, याची खात्री करा. ताणलेली असेल तर सुरक्षित जागी, भक्कम अडसरावर एक छर्रा झाडून ती सोडवा. छर्रा न घालता चाप ओढला तर दट्ट्या पुढच्या भिंतीवर आपटतो आणि त्याच्या तोंडावरचा वॉशर खराब होतो. नळी मोडलेली असताना तर चापाला बोटही लागू देऊ नका. ती झटक्याने वर येते, बोटं चेमटतात, कधी नळीच वाकते.

मग दस्ता. पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एक-दोन, असे स्क्रू बहुतेक बंदुकांत असतात. ते काढले की लाकूड वेगळं होतं. खरं तर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण हे स्क्रू ढिले झाले की नेम भरकटतो. नळीच्या सांध्यावरचं सीलही याच वेळी पाहा. दस्ता पुन्हा बसवून त्या सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि अडसरावर एक छर्रा झाडा. कागद उडाला तर हवा तिथून गळते आहे. सील बदलायला बंदूक आणखी उघडावी लागत नाही.

स्प्रिंगपर्यंत जायचंच असेल तर सुताराचा लांब क्लॅम्प हवा. नळीच्या टोकाला आणि मागच्या ठोकळ्याला लाकडाचे तुकडे लावून बंदूक क्लॅम्पमध्ये सरळ धरायची. क्लॅम्प किंचित आवळला की पिनांवरचा भार उतरतो आणि त्या हलक्या हाताने बाहेर येतात. त्यानंतर क्लॅम्पचा स्क्रू सावकाश ढिला करत स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊ द्यायची. मागे उभं राहायचं नाही, डोळ्यांवर चष्मा हवा. काही बंदुकांत ठोकळा आट्यांवर बसलेला असतो, तोही क्लॅम्पमध्ये धरूनच फिरवायचा.

बाहेर आलेली स्प्रिंग काचेवर लोळवा. डगमगली तर वाकली आहे, बदला. जास्त ताकदीची मात्र घालू नका. आपल्याकडे छऱ्याच्या ऊर्जेची २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की परवान्याचा प्रश्न येतो. दट्ट्या काढण्यासाठी आधी नळी आणि दट्ट्याला जोडणारा दांडा सोडवावा लागतो. दट्ट्याचा वॉशर चामड्याचा असेल तर तो सुकलेला आहे का ते पाहा, थोडं तेल त्याला लागतं. प्लास्टिकचा असेल तर कडेला चीर आहे का ते पाहा. नवा वॉशर बसवण्याआधी दट्ट्याच्या नळकांड्यातल्या खाचेची धारदार कड पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर आत सरकतानाच तो कापला जातो.

वंगण घालताना लोकांचा हात सैल सुटतो. वॉशरच्या पुढे साधं तेल गेलं, की दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं. मोठा बार होतो, धूर येतो, जळकट वास सुटतो. लोकांना वाटतं बंदूक जोरात आली. प्रत्यक्षात वॉशर जळत असतो आणि स्प्रिंगची वाट लागत असते. दट्ट्याच्या मागच्या भागाला मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ थर आणि स्प्रिंगला थोडं घट्ट ग्रीस, एवढं पुरेसं आहे.

कोकणातल्या दमट हवेत बाहेरून मात्र तेलाचा फडका नियमित फिरवा, बोटांच्या ठशांवरूनच गंज धरतो. बंदूक कधीही ताणून ठेवू नका.

आणि घरी क्लॅम्प नसेल तर दस्त्याचे स्क्रू आवळून, सील बदलून थांबा. पुढचं काम जाणकार कारागिराकडे द्या.